न तपासलेली अठ्ठावीस यंत्रं

तेजलने चाळीसपैकी बारा यंत्रं नीट तपासली आणि उरलेल्या अठ्ठावीसांपुढे नुसतीच टिक केली. गेटवर टेम्पो उभा होता आणि मॅनेजर हेमंत सर दोनदा येऊन ओरडून गेले होते.

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत कार्ड वाचणारी छोटी यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात ती टेस्टिंगला होती. ही खेप एका संस्थेच्या फिरत्या दवाखान्यांसाठी होती. बारवी धरणाकडच्या पाड्यांवर नेटवर्क नसतं, म्हणून संस्थेने प्रत्येक रुग्णाला एक कार्ड दिलं होतं. कोणतं औषध, किती, शेवटचं कधी दिलं, सगळं त्या कार्डातच.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मागे राहिलेलं एक जादा यंत्र उगाचच हातात घेतलं. कार्ड घातलं आणि वाचन चालू असतानाच अर्धवट ओढलं. परत घातलं तर कार्ड मेलेलं. दुसरं घातलं, तेही गेलं. तिने यंत्र उघडलं.

यंत्रात कार्डाच्या खाचेमागे नखाएवढी एक चिप असते. कार्डाला किती वीज द्यायची, कधी द्यायची आणि कुणी ते मध्येच ओढलं तर पटकन, क्रमाने कशी तोडायची, हे सगळं ती सांभाळते. जुन्या चिप पहिल्या बारा यंत्रांनाच पुरल्या होत्या. बाकीच्या उल्हासनगरच्या एका व्यापाऱ्याकडून घाईत आणलेल्या. वरची छपाई तीच, पण या चिप वीज तोडतच नव्हत्या.

"सर, माल थांबवा," ती हेमंत सरांच्या केबिनमध्ये जाऊन म्हणाली. "अठ्ठावीस यंत्रांवर ओढून बघायची टेस्ट मी केलीच नव्हती. टिक खोटी आहे."

हेमंत सरांनी मान वर केली. "हे बाहेर बोललीस का कुणाला?"

"नाही."

"मग बोलू नकोस. मध्येच कार्ड कोण ओढतं? सोमवारी बघू."

"उद्या बुधवार आहे सर. उद्याच दवाखाने आहेत."

"सोमवारी म्हटलं ना!"

बदलापूरला हेंद्रेपाड्यात घरी आल्यावर तिला जेवण गेलं नाही. आईने दोनदा विचारलं. तेजल नुसती गॅलरीत येऊन उभी राहायची, परत आत जायची. सकाळी कारखान्यात न जाता तिने स्कूटर बारवीच्या रस्त्याला घातली.

पाड्यावरच्या समाजमंदिरात दवाखाना भरला होता. टेबलामागे नर्स मीनाताई वैतागलेल्या. पुढ्यात सात कार्डं बाजूला काढलेली.

"सगळी खराब करून आणतात," त्या म्हणाल्या. "पाण्यात भिजवतात, उन्हात टाकतात. मग मी औषध काय बघून देऊ?"

"सिस्टर, ती लोकांनी नाही बिघडवली. वाचन संपण्याआधी ओढलं की यंत्रच कार्ड मारतं. यंत्र मीच तपासून पाठवलंय. म्हणजे... तपासलं नव्हतं."

मीनाताई खुर्ची सरकवून उठल्या. "चंद्री! तिला मी परत पाठवली गं. तिच्या नवऱ्याला फिट येतात. गोळ्या कालच संपल्यात."

कार्डं येण्याआधीची जुनी वही गाडीत होती. तिच्यात चंद्रीच्या नवऱ्याच्या, देऊच्या गोळ्यांची नोंद सापडली. पाकीट घेऊन दोघी शेताच्या बांधावरून जवळजवळ पळतच निघाल्या. तेजलची चप्पल दोनदा निसटली. एवढ्यात काही झालं असेल तर, हा एकच विचार डोक्यात.

देऊ ओट्यावर टोपली विणत बसला होता. धडधाकट. त्याला बघून तेजलला रडू फुटलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

चंद्री दारात आली. मीनाताईंनी पाकीट पुढे केलं. तिने घेतलं, पण रागाने बघत म्हणाली, "मी कार्ड तांदळाच्या डब्यात ठेवलं व्हतं, कापडात गुंडाळून. तुम्ही सगळ्यांम्होरं मना अडाणी म्हणलात."

"चुकलंच माझं," मीनाताई म्हणाल्या.

"हितं काय सांगता? तिथं चला, नि लोकांम्होरं सांगा."

देऊला त्यातली एक गोळी देऊन ती स्वतःच पुढे निघाली.

समाजमंदिरात तीस-चाळीस माणसं अजून खोळंबली होती. मीनाताई उभ्या राहिल्या, पण त्यांनी तोंड उघडण्याआधीच तेजल बोलली. "कार्डं तुमच्या हातून खराब झाली नाहीत. यंत्र खराब आहे. ते मी न तपासता पाठवलं." लोक कुजबुजले. एका म्हाताऱ्याने विचारलं, "मग आता औषध?" मीनाताईंनी वही उघडली आणि एकेकाला नावाने हाक मारायला सुरुवात केली.

तेजलने रस्त्यावर जाऊन रेंज शोधली आणि आधी थेट संस्थेच्या ऑफिसला फोन लावला. मग हेमंत सरांना. ते बराच वेळ ओरडत होते. तिने फोन कानापासून लांब धरला, पण बंद केला नाही.

दुपारपर्यंत सगळ्या दवाखान्यांना यंत्रं बंद ठेवण्याचा निरोप गेला. एकूण एकोणीस कार्डं गेली होती. ती वह्यांवरून नव्याने भरायला संस्थेला दोन आठवडे लागले. कारखान्याने तेजलला टेस्टिंगवरून काढून पॅकिंगला बसवलं. चांगल्या चिप बसवून यंत्रं परत आली, तेव्हा ती दुसऱ्या कुणीतरी तपासलेली होती. खोक्यांना टेप लावताना तेजलचा हात प्रत्येक वेळी थबकायचा. शेवटी तिने एक यंत्र बाहेर काढलं, खिशातलं टेस्टिंगचं कार्ड घातलं आणि मध्येच ओढलं. परत घातलं. कार्ड चाललं. मग तिने दुसरं खोकं उघडलं.