बाराव्या खुर्चीपुढची परात

मित्रांनो, तुम्ही माणसांना चेहऱ्यावरून ओळखता. मी एक जुनी पितळी परात आहे, जमिनीवर राहणारी, म्हणून मी त्यांना पायांवरून ओळखते. ही ओळख पुरी असते असे मी म्हणणार नाही. भांड्याला माणसाचे कितीसे कळणार? तरी पाहिले तेवढे सांगते.

सावंतवाडीच्या एका तांबटाने मला ठोकून घडवले. त्याच्या हातोडीचे वण माझ्या तळाला अजून आहेत. इब्रामपूरच्या एका बापाने मला लेकीच्या लग्नात दिले आणि सुमंगलाबरोबर मी डिचोलीला आले. तीसेक वर्षे तिने माझ्यात तांदळाची उकड मळली. ती मला इतक्या निगुतीने घासत असे, की पाहुणे म्हणत, "परात आसा काय आरसो!" मग घरात स्टील आले आणि मी माळ्यावर गेले. काळी पडले, कडेला हिरवट डाग धरले. बरीच वर्षे कोणी विचारले नाही.

सुमंगलाची सुमंगलाआजी झाली तेव्हा मला खाली काढले. कारखान्यांच्या वसाहतीजवळ पत्र्याच्या छपराखाली कोल्हापूर-बेळगावकडच्या ख्रिस्ती कामगारांची मंडळी जमत असे. आजीही तिथे प्रार्थनेला जाई. पवित्र गुरुवारी पाय धुण्यासाठी त्यांना मोठे भांडे हवे होते. "घेवन जावा," आजी म्हणाली, "पण मगे माझ्याकडे भाकऱ्यो मागू नकात!"

क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून ही रीत. मंडळीचे धर्मगुरू, पाळक कृष्णनाथ, यांनी तिला एक जोड दिली होती. ज्याला मंडळीचा वडील नेमायचे, म्हणजे पाळकांच्या खालोखाल ज्याच्या शब्दाला मान द्यायचा, त्याने त्या गुरुवारी बारा जणांचे पाय धुवायचे. मग रविवारी, पुनरुत्थानाच्या सणाला, त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला नेमायचे.

मी तेव्हापासून तिथेच बाकाखाली असते, म्हणून सतीशला त्याच्या पहिल्या दिवसापासून ओळखते. गडहिंग्लजकडचा पोरगा, टाचांना भेगा, चपलेचा अंगठा तारेने बांधलेला. मागच्या सतरंजीवर बसायचा. पवित्र शास्त्र वाचायला उभा केला की पाय लटपटत. अकरा वर्षांत तो भट्टीच्या कारखान्यात सुपरवायझर झाला, पायांत चकचकीत बूट आले आणि प्रार्थनेचा आवाज असा चढला की पत्रे वाजत. "सतीशभाऊंच्या प्रार्थनेत अधिकार आहे," लोक म्हणत. मलाही तसेच वाटे. त्या वर्षी वडील म्हणून त्याचेच नाव ठरले.

गुरुवारी दुपारी मंडळीतली रंजना मागच्या नळावर मला चिंच लावून घासत होती. तिचा नवरा हरी भिंतीला टेकून उभा होता. तो सतीशच्याच हाताखाली भट्टीवर कामाला होता. चार महिन्यांपूर्वी लोखंडाचा तुकडा पडून त्याच्या उजव्या पायाची तीन बोटे गेली होती.

"त्यो माणूस तुमच्या पायाला हात लावणार?" रंजना म्हणाली. तिची घासणी माझ्यावर करकरत होती. "बूट फाटलं म्हणून तुमी त्येच्याकडंच नवं मागितलं. 'आजची पाळी चपलेवर काढ' म्हणाला. आन् बोटं गेल्यावर काय लिवून दिलं? हरीनं आपणहून बूट काढलं हुतं! नोकरी तुमची गेली आन् वडील त्यो हुणार?"

"सोमवारी चौकशी संपती," हरी म्हणाला. "त्यो खरं बोलला तर परत कामावर घेतील. न्हाईतर संपलं."

"मग पाळकांच्या कानावर घाला की."

"माझं कोण ऐकतंय? अधिकार त्येच्या प्रार्थनेत हाय." हरी कडवट हसला. "बाराव्या खुर्चीवर मी बसतो. बघू तरी काय करतोय."

संध्याकाळी बारा प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. सतीश गुडघ्यांवर बसून मला एकेका खुर्चीपुढे सरकवत होता. रंजना टॉवेल घेऊन मागोमाग होती. प्रत्येकाचे पाय धुताना तो मोठ्याने प्रार्थना करी. अकरा जण झाले. मग मी बाराव्या खुर्चीपुढे आले, आणि सतीशने मान वर केली.

त्याचे हात माझ्यात तसेच राहिले. 

त्याने हरीचा डावा पाय धुतला. फार सावकाश धुतला. मग मला उचलू लागला.

हरीने उजवा बूट काढला, मोजा काढला. "ह्योबी धू की," तो म्हणाला. "ह्योबी पायच हाय."

तो पाय माझ्यात उतरला. दोन बोटे, पुढे नुसती गुळगुळीत कातडी. सतीशने डोळे मिटले आणि नेहमीच्या चढ्या आवाजात सुरू केले, "हे स्वर्गीय पित्या..."

"प्रार्थना ऱ्हाऊ दे, सतीश," हरी हळूच म्हणाला. "पाणी गार व्हतंय."

सतीश थांबला.  मग काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यान सांग रे बाबा!" मागून सुमंगलाआजी म्हणाली. "प्रार्थना करतना पत्रे हालयतंस, आता खंय गेलो आवाज?"

कोणीतरी हसले आणि लगेच गप्प झाले.

"हरीनं बूट मागितलं हुतं," सतीश म्हणाला. गावाकडची बोली मी त्याच्या तोंडून किती वर्षांनी ऐकली! "मीच म्हणालो, चपलेवर काम कर. आन् कागदावर खोटं लिवलं."

पाळक कृष्णनाथांनी हातातले शास्त्र मिटले. "रविवारी हात ठेवणे होणार नाही," एवढेच ते म्हणाले.

"व्हय," सतीश म्हणाला.

"सोमवारी कारखान्यात हेच सांगणार?" रंजनाने विचारले. "नोकरी जाईल तुमची."

"सांगणार."

त्याने टॉवेलासाठी हात पुढे केला. रंजनाने टॉवेल दिला नाही. हरीने ओलाच पाय बुटात घातला. सतीशने मला उचलले आणि पाणी स्वतः बाहेर नेऊन माडाच्या मुळाशी ओतले. त्यातले थोडे खारट होते, असे मला वाटते. कदाचित माझी चूक असेल.

सोमवारी तो बोलला. हरीला स्टोअरमध्ये बसायचे काम मिळाले आणि सतीशची नोकरी गेली. आता तो एका गॅरेजात वेल्डिंग करतो. टाचांना पुन्हा भेगा पडल्या आहेत. वडिलाची जागा अजून रिकामी आहे. पण कोणी आजारी पडले, कुणाच्या घरात भांडण झाले, की निरोप सतीशला जातो. तो आधी सगळे ऐकून घेतो. प्रार्थना दोन-तीन वाक्यांची, आवाज खालचा. तरी भांडणारे गप्प होतात, असे आजी सांगते.

या वर्षी पाळकांनी पाय धुतले. बाराव्या खुर्चीवर लोकांनी सतीशला बळेच बसवले होते. पाळक तिथे पोचले तेव्हा हरी लंगडत पुढे आला. "ह्यो माझा," म्हणाला आणि खाली बसला. त्या भेगाळ टाचा त्याने अंगठ्याने चोळून धुतल्या. सतीशचे पाय लटपटत होते, पहिल्या दिवसासारखे.

रंजनाने टॉवेल पुढे केला.

मित्रांनो, गुरुवार झाला की मला बाकाखाली सारतात आणि वर्षभर माझ्यावर डाग चढतात. जमले तर अधूनमधून मला चिंच लावून घासा. नाही जमले तरी चालेल, माझ्या डागांना घाई नाही. पण आपल्या हातून ज्याचा पाय दुखावला, त्याच्यापुढे बसायला उशीर करू नका. पाणी फार वेळ कोमट राहत नाही.