सार्जंट पिकार्डची साक्ष

इराकहून परतल्यापासून वेंडेल टिबेट्सचं नाक कधी मोकळं झालं नव्हतं. दर दोन महिन्यांनी सायनस भरायचा, कपाळ ठणकायचं आणि ट्रकखाली वाकून काम करणं अशक्य व्हायचं. अपंगत्वाच्या पेन्शनसाठी केलेला त्याचा अर्ज नामंजूर झाला होता. कारण एका ओळीचं: सैन्यात असताना तक्रारीची नोंद नाही.

अपिलाचे कागद लोरेटा हॅस्किन्स बघत होती. पूर्वी नौदलात परिचारिका होती, आता अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, वेंडेलच्याच गावात माजी सैनिकांचे अर्ज भरून द्यायची.

“तेव्हा डॉक्टरकडे का गेला नाहीस?”

“सगळ्यांचीच नाकं गळत होती, बाई. तेवढ्यासाठी कोण रांगेत उभं राहणार?”

“मग तुला तिथं पाहिलेला माणूस हवा. लिहून देणारा.”

असा एकच होता. सार्जंट रोझेल पिकार्ड. इराकमधल्या तळावर कचरा जाळायच्या खड्ड्यावर वेंडेलला पाच महिने त्यानंच ठेवलं होतं. तिथं प्लास्टिक, बॅटऱ्या, औषधं, सगळंच जळायचं आणि तो धूर दिवसभर नाकात जायचा. परतल्यानंतरच्या अकरा वर्षांत वेंडेलनं त्याला फोन केला नव्हता.

“तू करत नसशील तर मी करते,” बायको जॉइस म्हणाली. “तुझं घोरणं मी ऐकतेय, तो नाही.”

वेंडेलनं फोन केला. पिकार्डनं सगळं ऐकून घेतलं. मग, “पत्ता सांग.”

शनिवारी पिकार्ड शेजारच्या केंटकी राज्यातून चार तास गाडी चालवत आला. त्यानं हातानं लिहिलेली दोन पानं लोरेटाच्या टेबलावर ठेवली. वेंडेल वाचू लागला. ‘टिबेट्स उलटून बोलत नसे, म्हणून मी त्यालाच पाठवत राहिलो. त्याचा रक्ताळलेला रुमाल मी पाहिला होता. डॉक्टरकडे पाठवायला हवं होतं. पाठवलं नाही.’

“एवढं लिहायची गरज नव्हती, सार्जंट.”

“खरं आहे ते. राहू दे.”

पिकार्डचा आवाज चोंदलेला होता. बोलताना तो तोंडानं श्वास घेत होता. वेंडेलच्या ते आत्ता लक्षात आलं.

“तुमचा अर्ज कुठवर आलाय?”

“मी केलाच नाही. कुठल्या तोंडानं करू?”

लोरेटानं कोरा अर्ज पुढं ओढला. “बसा. जन्मतारीख सांगा.”

वेंडेलनं त्याच्यासाठी खुर्ची सरकवली आणि त्याच्या बाजूनं साक्ष लिहायला तिच्याकडून एक कागद मागून घेतला. पिकार्ड रोज खड्ड्यावर पाहणीला यायचा, हे त्यानं आधी लिहिलं.

सात महिन्यांनी वेंडेलचं अपील मंजूर झालं. पिकार्डच्या अर्जाचा निकाल अजून यायचा होता. रविवारी दोघं फोनवर बोलत, बहुतेक वेळा ट्रकांविषयी.