कुडपणचे चाळीस फॉर्म

विद्यापीठाची कमिटी पाहणी तपासायला बिरवाडीला जाईल, चहा घेईल आणि परत फिरेल, असं प्राचार्य राजेंद्र सरांनी ठरवून टाकलं होतं. बिरवाडीत खोल्या घेऊन राहणाऱ्या, कारखान्यांतल्या दहा-बारा कामगारांना काय बोलायचं ते सांगूनही ठेवलं होतं. पण कमिटीतल्या सरिता मॅडमनी फॉर्मांचा गठ्ठा हातात घेतला आणि नेमका मधूनच उघडला.

"हे कुडपण कुठे आलं?"

"लांब आहे मॅडम. पोलादपूरच्या वर, डोंगरात. रस्ता बरा नाही."

"मग तर जायलाच हवं. तिथल्या चाळीस बायकांना औद्योगिक सुरक्षेची पदवी हवी आहे, तीही आठवड्याचे सहा दिवस महाडला येऊन. मला भेटायचंय त्यांना."

कोपऱ्यात अश्वजित बसला होता. तो महाडच्या कम्युनिटी कॉलेजचा समन्वयक. हा नवा अभ्यासक्रम त्यानेच आखला होता. दोन वर्षं महाडला, तिसरं विद्यापीठात, आणि पदवीवर कॉलेज आणि विद्यापीठ दोघांचं नाव. विद्यापीठाची अट एवढीच होती की शंभर माणसांची पाहणी करायची आणि त्यातल्या निदान तीन-चतुर्थांश लोकांना हाच विषय हवा आहे असं दाखवायचं.

साठ फॉर्म त्याने बिरवाडीत भरून घेतले. उरलेले चाळीस शर्मिलाने, त्याच्या बायकोने आणले. ती अंगणवाडीची पर्यवेक्षिका होती, कामासाठी वरच्या वाड्यांवर तिचं जाणं-येणं असायचं. "तुमच्या कॉलेजला डोंगरावरची माणसं दिसत नाहीत," ती त्याला टोमणा मारायची, "आणा इकडे फॉर्म, मी विचारते." एकेका बाईपाशी बसून तिने ते भरले. लिहिलेलं वाचून दाखवल्याशिवाय ती कुणाची सही घ्यायची नाही.

त्या फॉर्मांत औद्योगिक सुरक्षा कुठेच नव्हती. बायकांना आजाऱ्याची देखभाल शिकायची होती, आणि तीही पोलादपूरला, अकरा ते दोन; कारण सकाळची एसटी त्यांना खाली नेते आणि दुपारची वर आणते. अश्वजित हसला होता. "एसटीच्या टाइमटेबलावर पदवी होते होय?"

"का नाही? एसटी तुमच्या कॉलेजपेक्षा वेळेवर येते," शर्मिला म्हणाली होती.

एका रविवारी दुपारी ती बारशाला गेली असताना त्याने कोरे फॉर्म काढले. नावं तिच्या फॉर्मांतली घेतली, उत्तरं स्वतःची लिहिली. बायकांच्या वेड्यावाकड्या सह्या त्याला जमेनात, म्हणून त्याने सगळीकडे अंगठे उठवले. चाळीसच्या चाळीस त्याचेच, कधी डाव्या हाताचा, कधी उजव्या. संध्याकाळी तिने विचारलं, "ही शाई कसली?"

"स्टॅम्पपॅड सांडलं."

"आणि माझे फॉर्म? प्रस्तावाला लावलेत ना?"

"लावले."

शिमग्याला वर जाऊन तिने बायकांना सांगितलं, कोर्स येतोय. एप्रिलमध्ये तिला ताप आला, तो डोक्यात गेला आणि आठ दिवसांत ती गेली. तिचे खरे फॉर्म तिच्या कापडी पिशवीत तसेच होते. ते त्याला लावताही आले नाहीत आणि फाडताही आले नाहीत. आज निघताना ती पिशवी त्याने खांद्याला अडकवली, का ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

गाडी कुडपणला पोचली तेव्हा चंद्रभागा अंगणात नाचणी वाळत घालत होती. साठीची बाई, मुलगा मुंबईला, नवरा आत खाटेवर. राजेंद्र सरांनी पुढे होऊन नमस्कार केला. मॅडम ओटीवरच बसल्या, फॉर्म काढला आणि वाचला. "औद्योगिक सुरक्षा. सहा दिवस. महाड. असंच सांगितलं होतं ना तुम्ही?"

"मी?" चंद्रभागा हसायलाच लागली. "माजा म्हातारा दोन वरसं पडून हाय. मी कंच्या कारखान्यात जातंय गो बाय?"

"पण हा तुमचा अंगठा..."

"अंगठा?" तिचं हसू गेलं. "मी सही करतंय. शर्मिलाबायनी शिकवली. तीन दिस गिरवून घेतली. हा माजा न्हवं."

मॅडमनी चष्मा काढला. "पाहणी कुणी केली होती?"

अश्वजितने तोंड उघडायच्या आधीच राजेंद्र सर म्हणाले, "यांच्या मिसेसनी. एप्रिलमध्ये वारल्या बिचाऱ्या." आणि त्यांनी अश्वजितच्या दंडावर हात ठेवला, जरा दाबून.

"अरेरे." मॅडमनी चष्मा परत लावला. "आता कुणाला विचारणार? घाईत झालं असेल त्यांच्याकडून. पाहणीत त्रुटी, एवढंच लिहिते मी. हे चाळीस वगळून बिरवाडीचे साठच धरू, ते सगळे जुळतात."

म्हणजे सगळं निभावलं होतं. पदवी येणार होती. अश्वजितला एवढंच करायचं होतं की गप्प बसायचं. आणि तो गप्प बसला. चंद्रभागेच्या सुनेने चहा आणला, त्याने कप घेतला, फुंकर मारली, अर्धा चहा प्यायला. तेवढा वेळ शर्मिलाच्या नावावर खोटेपणा लागून राहिला आणि त्याने लागू दिला.

चंद्रभागा मात्र चहाला शिवली नव्हती. "बाय गेली?" ती म्हणाली. "आमाला कोन बोललाच नाय." मग ती मॅडमकडे वळली. "ती गेली म्हून तिच्या माथी मारू नका. तिनी लिवलं ते मला वाचून दाखवलं. दोन बार. तिच्या लिवण्यात खोट नाय."

अश्वजितने अर्धा कप खाली ठेवला. "खोट माझी आहे," तो म्हणाला. "तिने बरोबर आणले होते. मी बदलले. हे अंगठे माझे आहेत."

राजेंद्र सरांचा हात त्याच्या दंडावरून निघाला. मॅडमनी फॉर्म परत गठ्ठ्यात ठेवला, दोरी बांधली. "मग हा प्रस्ताव मला पुढे नेता येणार नाही. तुम्हाला लेखी द्यावं लागेल."

"देतो."

गाडी वळली तेव्हा चला म्हणून त्याला कुणी हाक मारली नाही. तो अंगणातच उभा राहिला. दुपारची एसटी वर येऊन परत खाली जायला अजून वेळ होता. चंद्रभागा नाचणीत हात फिरवत होती. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "बायला म्हाईत होतं?"

"नाही. तिला सांगितलं, लावलेत म्हणून."

"म्हंजी शिमग्याला आली ती खोटंच सांगून गेली. आनि तिला ठाव बी नाय." तिने मान हलवली. "केवडी खूश होती रे ती."

त्याने पिशवीतून खरे फॉर्म काढून तिच्यापुढे धरले. तिने घेतले नाहीत.

"मला सही येते, वाचाय नाय येत. तू वाच." अहो-जाहो तिने सोडलं होतं. मग ती कुंपणापाशी गेली आणि ओरडली, "या गो सगळ्या! बायचं कागद आल्यात!"

बायका जमल्या. कुणी उभ्या, कुणी ओटीवर. अश्वजितने पहिला फॉर्म उघडला. शर्मिलाचं अक्षर त्याने एप्रिलपासून पाहिलं नव्हतं.

"नाव, चंद्रभागा. विषय, आजाऱ्याची देखभाल. जागा, पोलादपूर. वेळ, अकरा ते दोन, एसटीला धरून." खाली समासात तिने बारीक लिहिलं होतं. तेही त्याने वाचलं. "सही आज पहिल्यांदा स्वतः केली."

ती ओळ त्याने पुन्हा एकदा वाचली. बायका थांबून राहिल्या, कुणी पाणी विचारलं नाही.

"बराबर हाय," चंद्रभागा म्हणाली. "फुडचा वाच."