मंत्र्यांनी दाखवलेलं नाट्यगृह

"आमच्या गावच्या नाट्यगृहावर खर्च झाला, मग नाट्यगृह कुठे आहे?" विरोधी बाकावरच्या आमदारबाईंनी विचारलं. वर प्रेक्षकांच्या सज्जात त्यांची मावशी बसली होती. जन्मभर परगावी नाटकं केलेल्या मावशीला डोळे मिटण्याआधी एकदा आपल्या गावच्या रंगमंचावर उभं राहायचं होतं.

सांस्कृतिक मंत्री उठले. त्यांचा आवाज दुपारच्या झोपेसारखा मऊ होता. मखमली पडदा, उतरत्या खुर्च्या, हळूहळू मंदावणारे दिवे असं ते सांगत गेले आणि सभागृह पेंगत गेलं. बाईंना ताज्या रंगाचा वास आला. त्या नाट्यगृहाच्या पुढच्या रांगेत जाऊन बसल्या, तिसरी घंटा झाली, पडदा सरकला आणि भान हरपून त्यांनी समोरचा बाक वाजवला.

प्रश्न विचारणाऱ्यानेच बाक वाजवला की उत्तर मान्य, अशी या सभागृहाची रीत होती.

"सदस्यांचं समाधान झालेलं आहे," अध्यक्ष जांभई आवरत म्हणाले. "पुढचा प्रश्न."

बाहेर येताच मावशीने गाठलं. "अगं, बाक कसला बडवतेस? माती खाल्लीस की!"

"मावशी, नाटक सुरू झालं होतं गं."

"असं? मग माझी एन्ट्री कधी झाली?"

बाईंनी आठवून पाहिलं. रंगमंचावर मंत्र्यांचे मेहुणे होते, साडू होते, साडूंची मुलगी नाचत होती.

"तू नव्हतीस."

"म्हणजे फुकटच्या स्वप्नातही आपली वर्णी नाही! जा आत. कलाकार कोण निवडतं ते विचार. आणि उत्तर ऐकताना हात मांडीखाली ठेव."