थेट गोदावरीत

कुसाबाईंची म्हैस सोमवारी सकाळी मेली. पण महापालिका कार्यालयाच्या कागदावर नाल्यात कचराच नाही. म्हणजे म्हशीने तो खाल्लेला नाही, म्हणजे म्हैस मेलेलीही नाही. आपणही तसंच धरू आणि म्हैस धडधाकट होती तिथून सुरुवात करू.

कुसाबाईंचा मुलगा नवनाथ पंचवटीत कंत्राटावर पावसाळी गटारं साफ करायचा. चौकातल्या गटाराच्या जाळीने त्याला पार जेरीस आणलं होतं. गॅरेजवाला शेखर गाड्यांचं जुनं ऑइल तिथेच ओतायचा. पाऊस आला की ते सगळं नाल्यात, आणि नाल्याच्या काठी कुसाबाईंचा गोठा. गोठ्यात एकच म्हैस, आणि तिच्या दुधावर घर.

नवनाथने साहेबांच्या हातापाया पडून परवानगी काढली आणि जाळीशेजारच्या भिंतीवर निळ्या रंगात ठळक लिहिलं, ‘हे पाणी थेट गोदावरीत जाते.’ लोकांना लाज वाटावी, एवढाच हेतू.

लोकांना आनंद झाला.

दुसऱ्याच दिवशी समोरच्या इमारतीतल्या सुलाबाई निर्माल्याची पिशवी घेऊन जाळीपाशी हजर.

“काकू, इथे नका टाकू.”

“तूच लिहिलंयस ना, थेट जातं म्हणून? रामकुंडाच्या पायऱ्या उतरवतात का मला आता?”

“थेट जातं, म्हणूनच टाकू नका.”

“असं कुठे लिहिलंय?”

तसं लिहिलं नव्हतं. आठवड्याभरात जाळीपाशी उदबत्त्या लागल्या, नारळ फुटू लागले. शेखर ऑइल ओतताना चपला काढू लागला. “आपली श्रद्धा आहे, नवनाथभाऊ,” तो म्हणाला आणि कॅन निथळू दिला. नवनाथने खाली ‘येथे काहीही टाकू नये’ अशी ओळ वाढवली. संध्याकाळी भिंतीलाच झेंडूचा हार चढला आणि ओळ झाकली गेली.

मग पाऊस झोडपून आला आणि जाळीतलं सगळं नाल्यात गेलं. म्हशीने काठाला लागलेले हार खाल्ले, पिशव्यांसकट. शनिवारी तिने रवंथ सोडला. रविवारी पोट नगाऱ्यासारखं फुगलं. डॉक्टर म्हणाले, आत प्लास्टिकचा गोळा झालाय, उशीर केलात.

“एवढी फुलं कुठून आली रं?” म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत कुसाबाईंनी विचारलं.

“पाटी मी लिहिली, आई.”

कुसाबाईंनी हात थांबवला नाही. “अक्षर चांगलं हाय तुझं,” त्या म्हणाल्या. “लोकांनी वाचलं.”

सोमवारी जे झालं नाही, ते झाल्यावर नवनाथ कार्यालयात गेला.

“पाटी पुसायचीय.”

“मजकूर चुकीचा आहे का?” कारकुनाने विचारलं.

“नाही.”

“मग खरा मजकूर कसा पुसणार? खोटा असता तर लगेच पुसला असता. अर्ज करून ठेवा.”

बाहेरच्या बाकावर बसून नवनाथने त्याच चांगल्या अक्षरात अर्ज लिहिला:

‘मा. महोदय, चौकातील जाळीजवळचा मजकूर खरा असल्याने पुसता येत नाही, असे आपल्या कार्यालयाकडून समजले. अर्जदाराच्या आईने घोटीच्या बाजारात दुसरी म्हैस पाहून ठेवली आहे. तरी सदर मजकूर खोटा ठरावा, यासाठी गोदावरी नदी अन्यत्र स्थलांतरित करण्यात यावी व हे काम पुढील पावसाच्या आत पूर्ण करावे, ही नम्र विनंती.’