तेहेतीस गुणांचं कुत्रं

सदाशिव पेठेत रविवारी सकाळी रांग लागते ती मिसळीसाठी. त्या रविवारी मात्र लोक शिंकायला रांगेत उभे होते. एका स्पर्धा परीक्षा क्लासचा तिसऱ्या मजल्यावरचा हॉल, फळ्यावर 'राज्यपालांचे अधिकार' अर्धवट पुसलेले आणि सतरंजीवर सत्तरेक माणसं. कुणी हिंजवडीच्या कंपनीतले, कुणी पेन्शनर, एक जोडपं तर थेट चाकणहून आलेलं. सगळ्यांचं दुखणं एकच. घरात कुत्रं हवं, पण कुत्रं जवळ आलं की नाक वाहतं, डोळे खाजतात, छाती भरते. दारावर पाटी होती: 'चपला बाहेर. शंका त्याहून बाहेर.' लिहिणारा पुण्याचाच असावा.

मी सत्यशीला. कर्वेनगरच्या एका शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झाले. मला तिथे ओढून नेलं माझ्या भाचीनं, नम्रतानं.

"मावशी, तू फक्त गप्प बस हं."

"शिंक आली तर?"

"शिंक चालेल. बोलणं नको."

नम्रताला लहानपणापासून दमा. पर्समध्ये कायम पंप. नवऱ्याला, आनंदला, कुत्र्याचं भारी वेड, आणि तिला त्याची हौस पुरवायची होती. ऑफिसातल्या कुणीतरी तिला दत्तप्रसाद श्वानगुरूंचा व्हिडिओ पाठवला. हे गुरुजी माणसाची आणि कुत्र्याची पत्रिका जुळवतात म्हणे. जुळलेल्या जातीचं कुत्रं घेतलं की ॲलर्जी मुळासकट जाते.

मला हसावं की रडावं कळेना. माझ्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हा पत्रिका न् मुहूर्त सगळं नागपूरलाच सोडून आले. माझ्या लग्नात पत्रिका नव्हती, नम्रताच्या लग्नात नव्हती. ज्या घरात नवऱ्याचे गुण कुणी मोजले नाहीत, त्या घरातली इंजिनिअर पोरगी कुत्र्याचे गुण मोजायला आली होती.

गुरुजी आले. रेशमी कुर्ता, गळ्यात रुद्राक्षांसोबत चांदीचा कुत्र्याचा पट्टा.

"मनुष्याला नक्षत्र असतं, तसं श्वानालाही असतं," त्यांनी सुरुवात केली. "ॲलर्जी हा रोगच नाही. तो नाडीदोष आहे! डॉक्टर तुमची शिंक दाबतात. अहो, शिंक म्हणजे देहानं दिलेला नकार! तुमचा आणि लॅब्राडॉरचा षडाष्टक योग असेल, तर बिचारं औषध काय करणार?"

लोकांनी माना डोलावल्या. मग पंखे बंद झाले. "वाऱ्यानं गुण उडतात," गुरुजी म्हणाले. उदाचा धूर असा केला की फळा दिसेनासा झाला. गुरुजींच्या शिष्या कांताबाई पितळी डब्यांचं तबक घेऊन आल्या. प्रत्येक डबीत एकेका जातीचे केस.

चाकणच्या गृहस्थांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. कांताबाईंनी डबी नाकाखाली उघडली.

"लॅब्राडॉर!"

"आ-आक् छी!"

"नकार! जर्मन शेफर्ड!"

"आक् छी!"

"नकार! पूडल!"

गृहस्थांनी खोल श्वास घेतला. शिंक नाही. पुन्हा घेतला. नाहीच.

"जुळले! छत्तीसपैकी तेहेतीस गुण!" गुरुजी गरजले आणि हॉलमध्ये टाळ्या कडाडल्या. चाकणच्या बाईंच्या तर डोळ्यांत पाणी आलं. मागच्या खोलीत पांढरी पिल्लं कुईं कुईं करतच होती. आश्रमाची पिल्लं, दक्षिणा देऊन तिथल्या तिथे घरी न्यायची.

नंतर एक कॉलेजची मुलगी बसली. तिलाही पूडल. मग एक निवृत्त बँक मॅनेजर. त्यांनाही पूडल. सत्तर माणसांत एकाचंही बुलडॉगशी जमू नये, याचं मला नवल वाटू लागलं. मागच्या खोलीत कोणती पिल्लं शिल्लक आहेत, ते जणू नक्षत्रांनी आधी विचारून घेतलं होतं.

इथवर मला गंमत वाटत होती. नम्रताचंही पूडलशी जुळलं, आणि गुरुजींनी जुळलेल्या सगळ्यांपुढे तांब्याचं मोठं घंगाळ फिरवलं.

"यात पंप सोडा. चाळीस दिवस त्याला हात लावायचा नाही. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की गुण लागतोच. पण मध्ये पंप आला तर गुण लागत नाही!"

एकेकाचे पंप आत पडू लागले. नम्रतानंही पर्स उघडली. आनंदनं मार्करनं तिचं नाव लिहिलेला तो निळा पंप घंगाळात टणकन पडला. ही पोरगी सहा वर्षांची असताना तिला मी रिक्षातून दवाखान्यात नेलं होतं, ओठ निळे पडलेली. तो टणत्कार ऐकून माझी गंमत संपली. मी उठले.

"मावशी!"

"गुरुजी, माझी पत्रिका पाहता? आपल्याकडे देशी कुत्र्याची डबी आहे ना?"

"आहे तर! या, बसा."

आता ऐका. माझ्याकडे चौदा वर्षं गावठी कुत्री होती, माझ्या उशाशी झोपायची. एकदाही नाक वाहिलं नाही. माझ्याही डोळ्यांवर पट्टी बांधून कांताबाईंनी डबी उघडली आणि मी सलग तीन शिंका दिल्या.

"घोर नकार!" गुरुजी म्हणाले.

पण तिथेच माशी शिंकली. उदाच्या धुरातून एक वास माझ्या नाकात शिरला होता, चांगला ओळखीचा. आमचे मुख्याध्यापक आप्पासाहेब मधल्या सुट्टीत चिमटीनं ओढायचे ती तपकीर! मी पट्टी काढली. कांताबाईंच्या बोटांची पेरं तपकिरी झालेली. आणि उघडी डबी हातात धरून त्यांनी स्वतःचं तोंड अगदी सवयीनं फिरवलेलं.

"गुरुजी, ही डबी आपण एकदा हुंगून दाखवता का?"

"मी साधक आहे. मला परीक्षेची गरज नाही."

"मग विद्यार्थ्यांची तरी होऊ द्या," असं म्हणून मी तबकातल्या हाताला लागतील तेवढ्या डब्यांची झाकणं काढली आणि भिंतीवरची तिन्ही बटणं खाली केली.

पंखे फिरले. पुढची पाच मिनिटं लिहिता येण्यासारखी नाहीत, ऐकण्यासारखी होती. बँक मॅनेजर शिंकले, चाकणचं जोडपं जोडीनं शिंकलं, कांताबाई शिंकल्या. सगळ्यात जोरात शिंकले ते गुरुजी, अकरा वेळा, रेशमी बाहीत तोंड खुपसून.

"गुरुजी," मी नाक पुसत म्हटलं, "आपलं तर एकाही जातीशी जुळत नाही!"

लोक शिंकता शिंकता हसायला लागले. मीही हसत होते, आणि तेवढ्यात मला नम्रता दिसली. ती सतरंजीवर दोन्ही हात टेकून बसली होती. छातीतली घरघर मला चार हातांवरून ऐकू येत होती. चलाखी उघडी पाडायच्या नादात मी दम्याच्या पोरीवर तपकीर उडवली होती. मूर्ख मी, पक्की मूर्ख.

मी घंगाळात हात घातला. आत विसेक पंप होते. निळे, जांभळे, काही अर्धे, काही कोरे. 'नम्रता' लिहिलेला सापडेपर्यंत मला घाम फुटला. मी तिला खिडकीशी नेलं. एक पफ. थोडं थांबून दुसरा. ती खिडकीच्या गजाला धरून श्वास घेत राहिली आणि हळूहळू तिचे खांदे खाली आले.

"मावशी," ती म्हणाली, "पिल्लू घरी नेलं असतं, आणि हे रात्री झालं असतं तर?"

हे सगळ्यांनी ऐकलं. आधी ती कॉलेजची मुलगी उठली, घंगाळाशी गेली, तिनं आपला पंप शोधून खिशात टाकला. मग मॅनेजर. मग एकेक करून सगळेच. गुरुजी अजून शिंकत होते, त्यांच्याकडे कुणी पाहिलंही नाही. नंतर पोलिसांत तक्रार केली ती चाकणच्या बाईंनी.

सोमवारी मी नम्रताला ॲलर्जीच्या डॉक्टर शर्मिला यांच्याकडे नेलं. आधी माझी चूक सांगितली आणि मुकाट्यानं बोलणी खाल्ली. मग त्यांनी समजावलं ते असं. ॲलर्जी केसांच्या लांबीची नसते. कुत्र्याच्या लाळेत, कातडीच्या कोंड्यात, लघवीत जी प्रथिनं असतात, त्यांची ती असते. पूडलचे केस कमी गळतात हे खरं, पण पूडलही चाटतो, त्यालाही कोंडा होतो. अमुक जात घेतली की त्रास होणारच नाही, असं कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. एकाच जातीच्या दोन कुत्र्यांतही फरक पडतो. आधी तपासणी करायची, मग घ्यायचं ठरवलेल्या त्याच कुत्र्याजवळ डॉक्टरांच्या सल्ल्यानं थोडा थोडा वेळ घालवून पाहायचं.

नम्रताची तपासणी झाली. तिला कुत्र्याची ॲलर्जी आहे, घरातल्या धुळीची त्याहून जास्त. तूर्त कुत्रं नाही. दोन दिवसांनी आनंद स्वतःच म्हणाला, "कुत्र्याशिवाय राहीन गं. तुझ्याशिवाय नाही जमणार."

अशा डब्या आणखी कुठे कुठे उघडत असतील, मला माहीत नाही. दर वेळी त्यात तपकीरच असेल असंही नाही. म्हणून एवढंच सांगते. जो माणूस तुमचं औषध काढून घेतो, त्याला विचारा, का? नीट उत्तर मिळेपर्यंत औषध आपल्याच खिशात ठेवा.