मोरिचालची धावपट्टी

ऑर्फिलिया धावपट्टीवर अनवाणी चालत होती आणि थोड्या थोड्या अंतरावर टाच मातीत जोरात मारत होती. मोरिचाल गावात पट्टी तपासायची रीत हीच. टाच वाजली तर घट्ट, रुतली तर मऊ. रात्रभर पाऊस कोसळला होता. आज टाच सगळीकडे रुतत होती आणि नदीकडच्या टोकाला तर घोट्यापर्यंत आत जात होती. तरी ती पुन्हा पुन्हा मारून बघत होती.

घरात तिची लेक योर्लादिस कालपासून वेणा देत होती. सुईण बेनिल्दाने पहाटे हात धुतले आणि सरळ सांगून टाकलं, "मूल आडवं आहे गं. हे माझ्या हातचं नाही. संध्याकाळपर्यंत हिला इस्पितळात न्या, नाहीतर दोघंही जातील."

इस्पितळ व्हियाव्हिसेन्सियो शहरात. होडीने जायचं तर चार दिवस. रस्ता म्हणाल, तर तो या जंगलात आजवर फक्त निवडणुकीच्या भाषणात बांधला गेला होता. उरलं ते आठवड्याला येणारं डीसी-थ्री विमान. दोन पंख्यांचं, चालवणाऱ्या कॅप्टन अर्सेनियोपेक्षाही वयाने मोठं, तांदळाची पोती, बिअरची खोकी, कोंबड्या आणि माणसं एकाच पोटात कोंबून आणणारं. आज त्याचा दिवस होता.

पट्टीचा निरोप देणं हे ऑर्फिलियाचं काम. विमान जवळ आलं की कॅप्टन रेडिओवर विचारायचा, घट्ट की मऊ? मऊ म्हटलं की तो वरच्या वर वळून जायचा आणि गाव आठवडाभर तिच्या नावाने खडे फोडायचं. बिअर संपली की जरा जास्तच. पण पट्टीबद्दल ती कधी खोटं बोलली नव्हती, आणि कॅप्टनही तिच्या शब्दावर डोळे मिटून उतरायचा.

ती घरी परतली तोच रेडिओ खरखरला. 

"मोरिचाल, मोरिचाल! काय ऑर्फिलिया, जेवायला काय केलंयस?"

"मासे, कॅप्टन."

"मागच्या वेळी मीठ विसरली होतीस. बरं, पट्टी कशी आहे?"

भिंतीपलीकडे योर्लादिस किंचाळली. ऑर्फिलियाने बटणावरचा अंगठा उचलला आणि ती किंकाळी विरेपर्यंत थांबली. लेकीचं सांगावं का? सांगायला गेलं तर रडू फुटणार, आणि रडणाऱ्या बाईच्या 'घट्ट'वर कोण विश्वास ठेवणार? विमानात माणसं होती, तीही कुणाच्या तरी लेकी, कुणाचे तरी बाप. हे सगळं तिला कळत होतं. कळत असूनच तिने बटण दाबलं.

"घट्ट आहे, कॅप्टन. या."

ती धावत बाहेर आली. ढगांतून विमान खाली आलं, चाकं मातीला लागली, आणि लगेच चिखलाचा लोट पंखांच्या वर उडाला. उजवं चाक रुतलं. विमान गर्रकन फिरलं, शेपूट झाडांकडे गेलं, आणि आतल्या माणसांचा आरडाओरडा इंजिनांच्या आवाजातूनही ऐकू आला. ऑर्फिलियाने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. झाडांना लागायला दोन हात उरले असताना ते थांबलं.

दार उघडलं. आधी कोंबड्या उडाल्या, मग माणसं उतरली. एका म्हाताऱ्याच्या कपाळातून रक्त वाहत होतं आणि तो सारखा विचारत होता, "माझी टोपी कुठाय?" ऑर्फिलियाला त्याच्याकडे बघवेना.

कॅप्टन उतरला तो घोट्यापर्यंत चिखलात. चेहरा पांढराफटक.

"ही घट्ट? ऑर्फिलिया, ही घट्ट आहे?"

"योर्लादिस मरतेय, कॅप्टन. मूल आडवं आहे."

 त्याने कपाळावर हात मारून घेतला.

"अगं, मग तसं सांगायचंस ना! पलीकडच्या गावी माणसं, सामान, सगळं उतरवून रिकामा आलो असतो. रिकामं विमान या चिखलातही उतरलं असतं, निघालंही असतं. आता अर्धं चाक जमिनीत गेलंय. कसं नेऊ तुझ्या पोरीला, खांद्यावर?"

एवढी साधी गोष्ट तिला सुचली नव्हती. पण घरातून आता लेकीचा आवाजच येईनासा झाला होता; पस्तावत बसायला वेळ नव्हता.

"ओढू या," ती म्हणाली. "कॅप्टन, मला काय द्यायच्या त्या शिव्या नंतर द्या."

सगळं गाव जमलं. सामान उतरवलं, बाकडी काढली, फावड्यांनी चाकापुढची माती उपसली. विमानात दुकानदार सेनोनच्या छपराचे नवे कोरे पत्रे होते. कॅप्टनने तेच चाकाखाली घालायला लावले.

"अहो, माझं छप्पर!" सेनोन ओरडला.

"भिजलास तर वितळणार नाहीस. दोर धर!"

दोर एकदा तुटला. दुसऱ्यांदा चाक पत्र्यांवर चढलं आणि पत्र्यांचा पार चोळामोळा झाला. तोवर चार जणांनी योर्लादिसला झोळीतून आणलं. तिचे ओठ निळे पडले होते. बेनिल्दा तिच्यासोबत आत चढली.

"आता तरी खरं सांग," कॅप्टन म्हणाला. "सगळ्यात वाईट कुठे आहे?"

"नदीकडे, उजव्या अंगाला. मी तिथेच खूण म्हणून जाऊन बसते. मला उजवीकडे ठेवून निघा."

"पंख तुझ्या डोक्यावरून जाईल."

"जाऊ दे."

लेकीबरोबर जायचं सोडून ती चिखलात जाऊन बसली. इंजिनं गरजली. विमान आधी रांगलं, मग धावलं, शेपूट वर आलं, चाकं मात्र जमीन सोडेनात. नदी जवळ येत होती. पंख तिच्या डोक्यावरून गेला तेव्हा तिने डोळे मिटले आणि कान तेवढे उघडे ठेवले. आदळल्याचा आवाज आला नाही. डोळे उघडले तेव्हा विमान नदीपलीकडच्या झाडांच्या शेंड्यांना घासल्यासारखं वर चाललं होतं.

दुपारभर ती रेडिओपाशी बसून राहिली. अंगावरचा चिखल वाळून गळायला लागला. कुणी काही विचारलं की ती हात हलवून गप्प करायची. ऊन कलताना खरखर झाली.

"मोरिचाल."

"बोला, कॅप्टन." 

"पोट फाडून काढलं. मुलगी आहे. दोघी जगल्या. योर्लादिस शुद्धीवर आलीय, तुला विचारतेय."

ऑर्फिलिया हमसून हमसून रडली.  तिचं रडणं ओसरल्यावर तो म्हणाला, "त्या म्हाताऱ्याला टाके घातले ना तिथे? ठीक आहे ना तो?"

"घातले. ठीक आहे."

"ऐक मग. माझ्यामागे सतरा माणसं बसली होती. यापुढे पट्टीचं मी सेनोनला विचारीन."

तिने डोळे पुसले. राग आला नाही, वाईट मात्र वाटलं, फार वाटलं.

"त्यालाच विचारा, कॅप्टन," ती म्हणाली. "त्याला लेकरू नाही. तो खरं सांगेल."